काळी पाच, उणे तीन

कीबोर्ड निवृत्तीनंतर अकराव्या दिवशी घरी आला. अमरावतीच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षे उपसंपादक होतो. काम दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे. आता स्वतः काही तरी शिकावे, त्यात भरपूर चुकावे आणि त्या चुका छापल्या जाऊ नयेत, एवढाच विचार होता.

खोक्यात एकसष्ट पट्ट्यांचे काळे यंत्र, विजेचा अ‍ॅडॅप्टर, वह्या टेकवायची एक जाळी आणि माहितीपुस्तिका होती. जाळी खाचेत बसत नव्हती. पुस्तिका नऊ भाषांत होती, त्यात मराठी नव्हती. हिंदी भाग मी लाल पेन घेऊन वाचला. यंत्र सुरू करण्याआधी त्यात तेवीस चुका सापडल्या. पिन कशी लावायची हे दोनदा छापले होते आणि यंत्र बंद कसे करायचे हे एकदाही नाही. त्यामुळे पहिले तीन दिवस मी ते भिंतीवरचे बटन बंद करून थांबवत असे.

"पेपर सुटला तं हे वाचून राहिले," बायको म्हणाली. "वाजवान कधी?"

वाजवायला चौथ्या दिवशी सुरुवात झाली. यंत्रात पाचशेहून अधिक आवाज होते. पियानो, बासरी, सतार यांच्यानंतर, यादीच्या शेवटी, हेलिकॉप्टर, कुत्रा आणि टाळ्या होत्या. माझे बोट चुकून टाळ्यांवर गेले आणि परत पियानोवर यायचा रस्ता संध्याकाळपर्यंत सापडला नाही. त्या दिवशीचा सरगमचा पहिला धडा टाळ्यांतच झाला. सा दाबला की टाळ्या, रे दाबला की जरा वरच्या सुरातल्या टाळ्या. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून विचारले, "कशाचा सत्कार चालू आहे हो?"

महिनाभरात डाव्या हाताने सा-प धरून ठेवणे आणि उजव्या हाताने एकेका बोटाने साधी चाल काढणे जमू लागले. त्यानंतर एका सकाळी सगळे बिघडले. बोटे त्याच पट्ट्यांवर होती, पण ओळखीची चाल माझ्या गुणगुणण्याशी जुळेना. संशय आधी कानांवर गेला. डॉक्टरांनी कान तपासून ते वयाच्या मानाने उत्तम असल्याचे लेखी दिले. मग मी कीबोर्ड चादरीत गुंडाळून दुकानात नेला.

पियानो लावायला मी रोज दाबायचो तीच बटने दाबून तिथे वाजवून दाखवले, तेव्हा दुकानदाराने छोट्या पडद्याकडे पाहिले. "काका, तुमी ट्रान्सपोज दाबलं. हे पाहा, उणे पाच."

"म्हणजे?"

"म्हंजे बोट इथं अन् सूर पाच घरं खाली. गानाऱ्याचा गळा बसला तर वाजवनाऱ्याले नव्यानं शिकाची गरज नाई. त्यानं आपल्या रोजच्याच पट्ट्या दाबाच्या."

"आणि समोर बसलेल्याला कळत नाही?"

"त्याले बोटच दिसते ना काका."

तो आकडा त्याने शून्यावर आणून दिला. यंत्र बंद करून सुरू केले की तो आपोआप शून्यावर येतो, हेही सांगितले. पुस्तिकेत हे नव्हते.

इथे ताईविषयी सांगणे आवश्यक आहे. माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बार्शीटाकळीच्या शाळेत तिने नोकरी केली, आता अकोल्यात राहते. तिच्या कॉलनीतल्या विहारात महिलांचे गीतमंडळ आहे आणि ते तिने उभे केले आहे. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना झाल्यावर पहिले गीत ती म्हणते. ते दुसऱ्या कोणी म्हटल्याचे कॉलनीत कोणाला आठवत नाही.

आपल्याकडे गाणाऱ्याचा सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. ज्या पट्टीला तुमचा सा, ती तुमची पट्टी. ताईची पट्टी काळी पाच, म्हणजे काळ्यांतली शेवटची, उंच. हे तिने कधी लपवले नाही. नवीन बाई मंडळात आली की ताई नाव विचारायच्या आधी पट्टी विचारत असे. एखादीविषयी "तिचा गळा पांढरीतला आहे" असे ती ज्या आवाजात म्हणे, त्या आवाजात इतर लोक एखाद्याच्या चालचलणुकीविषयी बोलतात.

मागच्या हिवाळ्यात ताईच्या थायरॉइडची गाठ काढली. बोलणे पूर्ववत झाले. गाणे झाले नाही. वरचा सा घ्यायला गेली की आवाज दुभंगत असे. तिने विहारात जाणे सोडले आणि मंडळाला निरोप पाठवला की पौर्णिमेला दुसरी कोणी तरी पाहा.

मार्चमध्ये मी कीबोर्ड घेऊन अकोल्याला गेलो. एसटीत चादरीतला तो लांब ऐवज मांडीवर आडवा धरला होता. मूर्तिजापूरपर्यंत तिघांनी त्याविषयी विचारले. एकाने तो कूलरचा भाग आहे असे स्वतःच ठरवले आणि मला कूलरमधल्या पाण्याच्या पंपाविषयी सल्ला दिला.

ताईने यंत्राभोवती एक चक्कर मारली. "दाब काळी पाच."

मी दाबली. तिने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज दुभंगला. ती उठली आणि रस्त्याकडची खिडकी लावली.

"ताई, जरा खाली घेऊन पाहू. पांढरी पाच."

"पांढरी पाच?" ती म्हणाली. "मी काय रडून राहिली काय?"

"तीनच घरांचा फरक आहे."

"तू पेपरात होता ना? मंग बातमीत तीन मेले का सहा मेले, काई फरक नाई पडत काय?"

परतीच्या बसमध्ये दुकानदाराचे वाक्य आठवले, समोरच्याला बोटच दिसते.

पुढच्या वेळी मी तयारीने गेलो. ताईकडे शाळेच्या काळातली वह्यांना लावायची लेबले शिल्लक होती. नाव, इयत्ता, तुकडी, विषय अशा रिकाम्या ओळींची. त्यातले एक मी पडद्यावर चिकटवले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या उजेडाचा त्रास होतो, असे कारण दिले. ऑपरेशन खरे होते. यंत्र सुरू करायचे, लेबलाखाली आकडा न पाहता एक बटन धरून दुसरे तीनदा दाबायचे, मग काळी पाचवर बोट ठेवायचे. येणारा सूर पांढरी पाचचा असे. दर वेळी यंत्र बंद झाले की ते पुन्हा प्रामाणिक होत असे आणि पुढच्या वेळी हे सगळे पहिल्यापासून करावे लागे.

ताई माझ्या बोटाकडे पाहत गायला लागली. दुसरी ओळ गेली. तिसरी गेली. वरचा सा आला तेव्हा तिने डोळे मिटले आणि तो लागला. जाडसर, पण सबंध.

तिने डोळे उघडून पहिल्यांदा बोटाकडे पाहिले. ते काळी पाचवरच होते.

"पाह्य," ती म्हणाली. "काढ्यानं केलं."

शेजारणीने दिलेला ज्येष्ठमध-लवंगेचा काढा ती आठ दिवसांपासून घेत होती, हे मला तेव्हा कळले. बोलायची वेळ होती ती हीच. मी बोललो नाही. ताई स्वयंपाकघरात गुणगुणत चहा टाकत होती, आणि ते ऐकायला मी एवढ्या लांब एसटीने आलो होतो.

त्यानंतर मी दर शनिवारी अकोल्याला जाऊ लागलो. पौर्णिमेला दीड महिना होता. ताई विहारात परतली आणि यंत्रही विहारात आले. इथून गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली, कारण सूर खाली आला होता तो एकट्या ताईपुरता नव्हता.

मंडळात ताई धरून अकरा बाया होत्या. त्यांतल्या दोघी सोडल्या तर काळी पाच कोणालाच झेपत नसे. त्या मागे बसून ओठ हलवत. आता त्यांतली एक सरावात अचानक मोकळ्या गळ्याने गायली. सगळ्या वळून पाहू लागल्या. ती स्वतःही घाबरली.

"अवो, कोनती पट्टी चालू आहे?" तिने विचारले.

"काळी पाच," ताई म्हणाली.

"मले लागली?"

"तू काय घेतलं?"

"तुमीच तं सांगतलं होतं, काढा."

पुढच्या शनिवारी विहाराच्या ओट्यावर काढ्याचे पातेले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी अकराच्या अकरा जणी काळी पाचमध्ये गात होत्या. गुडघ्याचे ऑपरेशन झालेली एक आजी, जिचा सूर ताईच्या शब्दांत "पांढरीच्याही खालचा" होता, तीही गात होती. कॉलनीतल्या किराणा दुकानात ज्येष्ठमध संपला. कोणाची तरी सून डॉक्टर होती. तिने फोनवर सांगितले की असे होत नाही. तिला सांगण्यात आले की, ऐकून जा.

ताईला आनंद व्हायला हवा होता. परतताना ती मला म्हणाली, "काढा साऱ्यायले सांगाले नोयता पायजे."

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी पेटीवाले आले. ते मूर्तिजापूरचे, रेल्वेत रुळांचे सांधे बदलण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. दर वर्षी या कार्यक्रमासाठी ते आपली पेटी घेऊन अकोल्यात लेकीकडे मुक्कामाला येतात. पेटी त्यांच्या वडिलांची. तिचा भाता त्यांनी स्वतः दोनदा बदलला आहे, पण आतल्या पितळी सुरांना कोणाला हात लावू दिलेला नाही.

ते ताईसमोर बसले, भाता हलवला आणि काळी पाच धरली. त्याच वेळी मी काळी पाच धरली.

निघालेल्या आवाजाचे वर्णन करता येणार नाही. ओट्यावरचे कबुतर उडाले, एवढेच नोंदवतो. बाया पेटीच्या सुरात घुसायचा प्रयत्न करत होत्या आणि घसरून कीबोर्डवर येत होत्या. ताईने हात वर केला.

"भाऊ, पेटी बिघडली तुमची."

पेटीवाल्यांनी पट्टीकडे पाहिले, मग माझ्या बोटाकडे. दोन्ही एकाच जागी होती. "कशी बिघडन बाई? मागच्या वर्सी बरोबर होती."

"उनानं," काढ्याची शेजारीण म्हणाली. "अकोल्याचं ऊन आहे भाऊ. इथं डांबर वितळते, तुमची पेटी काय चीज."

"ऊन तं दरसालच असते."

"मंग मशीन चुकली म्हनता काय?"

दुसरी म्हणाली, "मशीनमंदी आकडे असतात. ते कशाले खोटं बोलन?"

सगळ्यांनी कीबोर्डकडे पाहिले. पडद्याच्या जागी रिकामे लेबल होते. नाव, इयत्ता, तुकडी, विषय.

पेटीवाल्यांनी पेटीला कान लावून एकेक सूर ऐकला. बराच वेळ ऐकला. अकरा बाया एका सुरात आणि आपण एकटे दुसऱ्या, हे त्यांनी मनाशी तपासले असावे. शेवटी ते म्हणाले, "वर चढून गेली व माही पेटी." आणि रुमालाने ती पुसली.

उपाय त्यांनीच सांगितला. अमरावतीत एक कारागीर आहे. तो सगळे सूर घासून तीन घरे खाली आणून देईल. "तुमी तसेही उद्या सकाळी चालले अमरावतीले," ते मला म्हणाले. "घेऊन जासान काय? पर्वा संध्याकाळी वापस आना, तेरवा पूनव आहे."

घासलेले पितळ परत येते काय, असे मी विचारले.

"नाई येत," ते म्हणाले. "पन खोटी पेटी ठेवून काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये पेटी माझ्या मांडीवर होती. मनात दोन गोष्टी होत्या. सांगितले तर ताई पौर्णिमेला गाणार नाही, बहुधा नंतरही नाही. न सांगितले तर एका माणसाच्या वडिलांची शुद्ध पेटी मी स्वतः नेऊन कायमची अशुद्ध करून आणणार होतो. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस दहा मिनिटे थांबते. सातव्या मिनिटाला मी पेटी घेऊन उतरलो आणि समोर लागलेल्या अकोल्याच्या गाडीत चढलो. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "ओ काका, अमरावती तिकडं आहे!"

ताईने दार उघडले. माझ्याकडे पाहिले, मग पेटीकडे.

"काहून वापस आला?"

वर्तमानपत्रात चूकदुरुस्ती दोन वाक्यांत देतात. एकात काय छापले, दुसऱ्यात काय हवे होते. तसेच सांगितले. तिने विहारातून कीबोर्ड आणवला, दिवाणावर ठेवला आणि म्हणाली, "जसं करत होता तसं कर."

मी सुरू केला. तीनदा बटन दाबले. तिने लेबल नखाने सोलून काढले. पडद्यावर उणे तीन होते.

"म्हंजे मी पांढरी पाच."

"हो."

"दीड महिना."

"हो."

ती बसली. मग विचारले, "अन् त्या साऱ्या?"

"त्याही."

"ते म्हातारी बी?"

"तीही."

तिच्या चेहऱ्यावर एक क्षण समाधानासारखे काही तरी दिसले. ते लगेच गेले. "आता जाय," ती म्हणाली. "ज्याची पेटी त्याले देऊन ये. अन् पूनवेले मले बोलवाले येऊ नको."

पेटीवाल्यांना त्यांच्या लेकीच्या अंगणात सांगितले. त्यांनी सगळे ऐकले, मग विचारले, "बटन कोनतं?" मी हवेतच बोटाने दाखवले. ते हसू लागले. "म्हंजे सांधा बदलला तुमी. स्टेशनात बसल्याले वाटते गाडी आपल्याच रुळावर आहे, अन् ती चालली दुसरीकडं. सारी नोकरी हेच केलं म्या." मग हसणे थांबवून त्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि एकेक सूर वाजवून पाहिला. सगळे जिथले तिथे होते.

मी अकोल्यातच एका मित्राकडे राहिलो. दोन दिवस ताईने फोन उचलला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला होता. पांढऱ्या साड्यांतल्या दहा बाया रांगेत बसल्या होत्या, प्रत्येकीने काढा घेतलेला. ताईने विहारात परत पाठवलेला कीबोर्ड मी सुरू करून ठेवला. पडदा उघडा, आकडा शून्य. ताईची जागा रिकामी होती. वंदना सुरू झाली, तेव्हाही रिकामी होती. वंदना संपता संपता ती मागच्या दाराने आली आणि जागेवर बसली.

तिने पडद्याकडे पाहिले. मग पर्समधून एक लेबल काढले, मागचा कागद सोलला आणि ते पडद्यावर नीट, कोपरे दाबून चिकटवले. या वेळी ते रिकामे नव्हते, पण बसलो होतो तिथून अक्षरे मला उलटी दिसत होती.

"दाब," ती हळूच म्हणाली.

"किती?"

"तुले मालूम नाई काय?"

मी तीनदा दाबले आणि बोट काळी पाचवर ठेवले. ती पेटीवाल्यांकडे वळली. आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "भाऊ, तुमी पांढरी पाच धरा. पन मले दिसू देऊ नका."

पेटीवाल्यांनी मान हलवली. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी दोन्ही हातांवर आणि पट्ट्यांवर पसरला आणि त्याखाली बोटे ठेवली.

"हे काय हो भाऊ?" शेजारणीने मागून विचारले.

"पेटीले ऊन लागते," ते म्हणाले.

दोन्ही वाद्ये एकदम लागली. या वेळी कबुतर उडाले नाही. ताई माझ्या बोटावर नजर ठेवून गायली. वरच्या सा ला आवाज थरथरला, पण तुटला नाही. मागून दहा जणी काळी पाचमध्ये आल्या, आजी सर्वांत मोठ्याने.

कार्यक्रम संपल्यावर शेजारीण पातेले घेऊन फिरत होती. "घ्या भाऊ, तुमी बी घ्या. बोलताना गळा बसल्यावानी वाटते तुमचा." मी घेतला. गोडसर होता.

नंतर कीबोर्ड चादरीत गुंडाळताना लेबल सरळ दिसले. नाव, इयत्ता आणि तुकडी कोरी होती. विषयापुढे ताईने फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : काळी पाच.

मी ते सवयीने दोनदा वाचले. शुद्धलेखनाची चूक नव्हती.